शेवटच्या शॉटमधल्या भुवया

"माझ्या मुलीच्या भुवया कोणीतरी उचलतंय," आत आलेली बाई म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

भाऊजींनी वही उघडली होती. पेन हवेतच राहिलं. "म्हणजे पार्लरमध्ये?"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आधी त्यांना पाणी द्या."

वहिनींनी बावीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केली होती. जळालेली गोदामं, चोरीला गेलेले दागिने, पुरात बुडालेली यंत्रं. खरं नुकसान कुठलं आणि रचलेलं कुठलं, हे त्यांना दारातूनच कळतं, असं त्यांचे साहेब म्हणत. आता घराच्या पुढच्या खोलीत त्या खासगी चौकशीची कामं घेत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. त्यांची अख्खी नोकरी घरोघरी पाण्याचे मीटर वाचण्यात गेली. मीटरवर असेल तोच आकडा लिहायचा, आपलं डोकं चालवायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. वहिनींना ती फार उपयोगी पडे.

बाईंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. चाळिशीच्या असतील. केसांचा अंबाडा पेन्सिलीवर बांधलेला, डोळे जागरणानं नव्हे, तर काळजीनं ओढलेले.

"मुलगी म्हणजे सिनेमातली मुलगी. आम्ही संगणकावर ॲनिमेशनचा सिनेमा बनवतोय. सात मिनिटांचा. दोन वर्षं चाललंय काम. स्पर्धेला उद्या संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा आहे."

"आणि भुवया?"

"सिनेमा माझ्या काकावर आहे. त्याला ऐकू यायचं नाही. सायकली दुरुस्त करायचा. सिनेमात त्याची पुतणी शिकायला दूर जाते आणि बऱ्याच वर्षांनी परत येते. शेवटचा शॉट बारा सेकंदांचा. ती त्याच्यासमोर उभी राहून हातांनी एवढंच म्हणते, तू वाट पाहत होतास. काका मान हलवतो. संपला सिनेमा."

बाईंनी श्वास घेतला.

"सोमवारी सकाळी मी कामावर आले तर त्या शॉटमध्ये मुलीच्या भुवया वर गेलेल्या. मला वाटलं माझाच हात लागला असेल. मी त्या खाली आणल्या. मंगळवारी पुन्हा वर, आणि मानही जराशी पुढे झुकलेली. मी पुन्हा नीट केलं. आज सकाळी भुवया, मान आणि शिवाय शेवटच्या खुणेवर हात आठ चित्रं जास्त थांबलेले."

"चित्रं म्हणजे?"

"एका सेकंदात चोवीस चित्रं असतात."

"म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा," भाऊजी लिहिता लिहिता म्हणाले.

"आज तुम्ही ते परत बदललंत?" वहिनींनी विचारलं.

"नाही. जसं सापडलं तसं ठेवलंय. थेट तुमच्याकडेच आले. आज चारच्या आत तो शॉट रेंडरला लावायचाय. रेंडर म्हणजे संगणक एकेक चित्र रंगवून पक्कं करतो. या शॉटला सतरा तास लागतील. उद्या सकाळी तो हातात येईल आणि त्यात कोणी असला खेळ केलेला निघाला, तर दुसऱ्यांदा करायला वेळ नाही."

"काम करणारे किती?"

"माझ्याशिवाय तिघं. तिघांनाही मी घरच्यासारखं वागवलंय. त्यातल्या एकाला मी आज काढून टाकणार आहे. फक्त कोणाला, ते तुम्ही सांगा."

वहिनींनी चष्मा पुसला. "बदललेला शॉट वाईट दिसतो?"

बाईंनी रिकामा पेला बाजूला सरकवला. "तो प्रश्नच नाही. काका माझा आहे."

---

स्टुडिओ एका जुन्या इमारतीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. लाकडी जमीन, चार टेबलं, खिडकीत दोन कुंड्या. खालून मधूनच दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज येई आणि भाऊजी गालाला हात लावत.

बाईंना इथे सगळे ताई म्हणत. शेवटचा शॉट साठवता येई तो फक्त ताईंच्या टेबलावरच्या संगणकातून. त्याचा पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला होता आणि तिघांनाही तो माहीत होता. किल्ल्या तिघांकडे होत्या. सध्या कामाच्या घाईत तिघंही साडेसात-आठलाच येत. ताई आईला व्यायामाच्या डॉक्टरकडे सोडून साडेनऊला.

"म्हणजे संधी तिघांनाही सारखीच," भाऊजी म्हणाले.

"हो. म्हणून संधीचा विचार सोडून द्या," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी शॉट पाहिला. आधी ताईंनी वेगळा जपून ठेवलेला मूळचा, मग आजचा. मुलगी सायकलच्या दुकानासमोर उभी. हात वर येतात, खुणा करतात, खाली जातात. मूळ शॉटमध्ये चेहरा शांत. आजच्यात खुणा सुरू होताच दोन्ही भुवया एकाच क्षणी वर जातात आणि हात खाली येईपर्यंत तिथेच राहतात.

वहिनींनी तो पाच वेळा पाहिला.

"या खुणा तुम्ही कुठून शिकलात?"

ताईंनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. "काका गेल्यावर घेतलं. तो होता तेव्हा शिकले नाही. आम्ही घरचे असेच हातवारे करून भागवायचो."

पुस्तकात पानोपानी हातांची चित्रं होती, मनगटापर्यंत, बाजूला बाण. वहिनींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली.

"नुसते हातच आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

भिंतीवर सगळ्या शॉटचे कागद ओळीनं टाचलेले होते. वहिनींनी शेवटच्या कागदाकडे बोट केलं. "भाऊजी, हे उतरवून घ्या. जसंच्या तसं."

भाऊजींनी लिहिलं: शॉट ४१. मुलगी (हातांनी): तू वाट पाहत होतास. काका मान हलवतो. पूर्णविरामासकट लिहिलं.

---

पहिला आला तो लांब्या. पात्रांची हालचाल करण्याचं काम त्याचं. दाराच्या चौकटीतून वाकून येण्याची त्याला इतकी सवय झाली होती, की चौकट नसली तरी तो वाकायचा.

"माझ्याच कामात कोणीतरी लुडबुड करतंय आणि चौकशी माझीच," तो कुरकुरला.

"तुम्ही ताईंना या शॉटमध्ये बदल सुचवला होता म्हणे."

"पहिल्याच आठवड्यात. म्हटलं, मान जरा हलू दे, अगदी पुतळा वाटतेय. ताई सगळ्यांसमोर म्हणाली, काकाशी कसं बोलायचं ते मला कोणी शिकवायचं नाही. म्हटलं, बरं. तेव्हापासून कोणीच त्या शॉटबद्दल चकार शब्द काढत नाही."

"मग राग धरलात?"

"राग कसला? दोन दिवस चहा घेतला नाही तिच्याबरोबर, झालं." तो पडद्याकडे वळला. "आणि मी असं केलं असतं का? बघा तुम्हीच. दोन्ही भुवया एकदम वर, एकदम खाली. हे शिकाऊ काम आहे. माझ्या हातून एक भुवई आधी जाते, दुसरी दोन चित्रं मागून. नाहीतर चेहरा मेलेला दिसतो. इतकी वर्षं मी दोन भुवया एकदम कधी हलवलेल्या नाहीत."

"ती मुलगी इथे काकाला काय म्हणते?"

"तू वाट पाहत होतास, असं सांगते. शांतपणे. कागदावर आहे ना."

लांब्या आपल्या टेबलाकडे गेला आणि कानांवर हेडफोन चढवून कामाला लागला. पलीकडच्या टेबलावरची मुलगी उठली. तिला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. तिनं हाक मारली नाही. टाच उचलून लाकडी जमिनीवर दोनदा आपटली. भाऊजी दचकले. लांब्यानं मात्र सवयीनं मान वळवली.

"ही अशीच बोलावते," तो भाऊजींना म्हणाला. "खालच्या डॉक्टरांनी दोनदा तक्रार केलीय. म्हणे, पेशंट तोंड मिटून घेतात."

---

दुसरा आवाजाचं काम करणारा. त्याला सगळे कानसेन म्हणत. गोलमटोल, हसतमुख, पण आज वैतागलेला.

"माझा दीड तास गेला आज सकाळी," तो म्हणाला. "शेवटच्या शॉटला एकच आवाज आहे, फिरणाऱ्या चाकाची टिकटिक. मुलीचा हात खाली आला, की ती सुरू होते. आज हात आठ चित्रं उशिरा खाली आला. आधी टिकटिक, मग हात. सगळं पुन्हा बसवावं लागलं."

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "ताई म्हणत होत्या, याला शेवटी एक धून घालायची होती. शॉट छोटा म्हणून बसली नाही. आता शॉट लांबला, म्हणजे याचाच फायदा."

ते कानाशी लागणं कानसेनला स्वच्छ ऐकू गेलं. "धून घालायची होती, खरंय. पण शॉट लांबलाय कुठे? बारा सेकंदांचा होता, बाराचाच आहे. हात जेवढे जास्त थांबले, तेवढी पुढची शांतता कापली गेली. धुनीला उलट जागा कमी झाली."

वहिनींनी मान हलवली. "मुलगी काय म्हणते इथे?"

"माझ्या लेखी ती गप्पच आहे. तोंडातून आवाज नाही, तर मला काय काम?"

एवढ्यात खोलीतले दिवे विझले, लागले, पुन्हा विझून लागले.

"वीज गेली का?" भाऊजी उठून उभे राहिले.

"चहा झाला," कानसेन म्हणाला. "दिवेवाली आहे ना ती. दिव्यानंच बोलावते."

सगळ्यांनी हेडफोन काढले आणि आपापले कप घ्यायला गेले.

---

दिवेवालीचं काम सिनेमातल्या उजेडाचं. कुठून ऊन पडेल, सावली किती लांब जाईल, हे ती ठरवायची. पंचविशीतली, बारीक, नीटनेटकी. चहाचा कप घेऊन ती खिडकीपाशी येऊन बसली.

भाऊजी खिडकीला पाठ करून उभे होते. "तुम्ही जरा या बाजूला येता?" ती म्हणाली. "उजेड मागे असला की तुमचं तोंड दिसत नाही."

"फोटो काढणार असल्यासारखं बोलतेस," म्हणत भाऊजी सरकले.

वहिनींनी विचारायला सुरुवात केली. उत्तर द्यायच्या आधी दरवेळी दिवेवाली कप खाली ठेवायची, समोरच्याकडे तोंड करायची आणि मगच बोलायची.

"सकाळी सगळ्यात आधी कोण येतं?"

"कधी मी, कधी लांब्या. मी साधारण साडेसातला."

"तुला हे भुवया हलवण्याचं काम येतं?"

"तोच सीन उघडून मला दिवे लावायचे असतात. इतकं सगळ्यांनाच येतं. पट्टी सरकवायची असते नुसती."

"शेवटच्या शॉटमध्ये ताईंना संध्याकाळ हवी होती ना? मग मुलीवर एवढा उजेड कसा?"

"ताईला अर्धा चेहरा अंधारात हवा होता. मी म्हटलं, हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत. ते ऐकलं तिनं. दिव्यांचं ती माझं ऐकते."

"ती मुलगी काकाला काय म्हणते?"

"विचारते त्याला, वाट पाहत होतास का म्हणून."

भाऊजींनी लिहून घेतलं.

"घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"आईबाबा. बाबा लाकडी सामानाला पॉलिश करतात, आई शिवणकाम."

"त्यांना दाखवलास सिनेमा?"

दिवेवालीनं पहिल्यांदाच नजर खिडकीबाहेर नेली. "नाही. त्यांना कशाला त्रास."

---

दोघं खाली उतरून दवाखान्याच्या पायरीवर उभे राहिले. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाची काच साबणानं धूत होता.

"लांब्या," भाऊजी म्हणाले. "अपमान झाला होता त्याचा. शिकाऊ काम मुद्दाम केलं, म्हणजे संशय दुसऱ्यावर जाईल. नाहीतर कानसेन. धुनीचं प्रकरण मला अजून पटलेलं नाही."

वहिनी काच धुणाऱ्याकडे पाहत होत्या. "भाऊजी, जेवलात."

भाऊजी गोंधळले. "काय?"

"भाऊजी, जेवलात?"

"नाही अजून. कुठे जेवणार, सकाळपासून इथेच तर आहोत."

"मग पहिल्यांदा उत्तर का दिलं नाहीत?"

"पहिल्यांदा तुम्ही विचारलंत कुठे?"

वहिनी हसल्या. "चला, काहीतरी खाऊन घेऊ. तीनला वर सगळ्यांना बसवायचंय."

---

तीन वाजता सगळे मोठ्या पडद्यासमोर बसले. ताई हाताची घडी घालून उभ्याच राहिल्या.

"ज्यांनी हे केलं त्यांना आधी स्वतः काही सांगायचंय का?" वहिनींनी विचारलं.

खालचं यंत्र एकदा गुरगुरून थांबलं.

"बरं. मग मी सांगते. ताई तिघांपैकी एकाला काढून टाकणार आहेत. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी थांबावं, एवढंच माझं म्हणणं." त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली.

"विमा कंपनीत मी एक शिकले. नुकसान करणारा माणूस हाताला येईल ते मोडतो. इथे तीन दिवसांत काय मोडलं? काहीच नाही. दिवे, सायकल, काका, बाकीचे चाळीस शॉट, कशालाही हात नाही. एकच चेहरा, एकच ठिकाण. आणि रोज त्यात थोडी भर. सोमवारी भुवया. मंगळवारी भुवया आणि मान. आज भुवया, मान आणि थांबलेले हात. एखादी गोष्ट समोरच्याला कळेना, की आपण ती दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं सांगतो, तिसऱ्यांदा अजून स्पष्ट. मला ते तसं वाटलं. कोणीतरी ताईंना काहीतरी सांगत होतं."

"काय सांगत होतं?" ताईंनी विचारलं.

"आधी कोण नव्हतं ते बघू. लांब्या नव्हता. दोन्ही भुवया एकदम हलवणं त्याच्या हातून व्हायचं नाही. भाऊजी म्हणतात, मुद्दाम केलं असेल. पण मुद्दाम शिकाऊ काम करणारा माणूस तेच काम शिकाऊ असल्याचं आपणहून सांगत सुटत नाही. कानसेनही नव्हते. हात थांबले, त्यात त्यांची धून बसली नाही, उलट त्यांचा दीड तास वाया गेला."

भाऊजींनी हळूच वहीतलं एक नाव खोडलं, मग दुसरं.

"आता भुवया. दुपारी मी भाऊजींना दोनदा म्हटलं, जेवलात. शब्द तेच. पहिल्यांदा ते गप्प राहिले, दुसऱ्यांदा उत्तर दिलं. कारण दुसऱ्यांदा मी आवाज वर नेला होता. आपण बोलणारी माणसं आवाज वर नेला की प्रश्न होतो. पण जे हातांनी बोलतात, त्यांनी काय वर न्यायचं?"

लांब्याचं बोट आपोआप स्वतःच्या भुवईवर गेलं.

"भुवया," लांब्या हळूच म्हणाला.

"मला वाटतं, भुवया. मान जरा पुढे. आणि शेवटची खूण धरून ठेवायची, उत्तराची वाट बघत. ताईंच्या पुस्तकात हे नाही. त्यात हात मनगटापर्यंतच छापलेत, चेहरा एकाही पानावर नाही. ताई, मला एक सांगा. तुमची मुलगी काकाला सांगते, की विचारते?"

ताईंची हाताची घडी सुटली. "विचारते. अर्थात विचारते. म्हणून तर तो मान हलवतो."

"कागदावर प्रश्नचिन्ह नाही."

"माझ्या मनात होतं."

"तुमच्या मनात होतं. कागद वाचून लांब्या मला म्हणाला, सांगते. कानसेन म्हणाले, गप्प आहे. भाऊजी, तिसरं उत्तर वाचा."

भाऊजींनी वही डोळ्यांजवळ नेली. "विचारते त्याला, वाट पाहत होतास का म्हणून." आणि वाचता वाचताच त्यांचा आवाज खाली आला.

"हे कदाचित काकाच्या मान हलवण्यावरूनही कोणी ओळखेल," वहिनी म्हणाल्या. "पण त्याच माणसाबद्दल मी आणखी काही पाहिलं. ते हाक मारत नाही, जमिनीवर टाच आपटतं, म्हणजे हादरा पोचतो. चहाला बोलवायला दिवे विझवतं. बोलताना कप खाली ठेवतं, तोंडासमोर काही येऊ देत नाही. समोरच्याचं तोंड उजेडात आहे की नाही, हे आधी बघतं. दिव्यांचं काम करते म्हणून, असं तुम्ही सगळे समजलात. मीही घटकाभर समजले. पण हे कामावरून आलेलं नाही. हे घरून आलेलं आहे. ज्या घरात हाक ऐकू जात नाही, तिथलं." त्या थांबल्या. "पुढचं सांगायचा हक्क माझा नाही."

दिवेवाली मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि ताईंकडे तोंड केलं.

"आईबाबा दोघंही," ती म्हणाली. "जन्मापासून."

"दोन वर्षं तू इथे आहेस," ताई म्हणाल्या. "दोन वर्षांत मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"पहिल्याच आठवड्यात तू लांब्याला म्हणालीस, काकाशी कसं बोलायचं ते मला शिकवू नका. मग मी काय सांगणार होते?" तिचा आवाज चढला नव्हता. "आणि खरं सांगू? मला सांगायचंच नव्हतं. मी सहा वर्षांची असल्यापासून दवाखान्यात, शाळेत, घरमालकाकडे, सगळीकडे मीच बोलतेय. त्यांना विचार गं, त्यांना सांग गं. डॉक्टरांनी आईला आजार सांगितला तो माझ्या तोंडून. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. पण ही एकच जागा अशी होती, की इथे मला कोणी म्हणत नव्हतं, सांग गं त्यांना. इथे मी फक्त दिवे लावत होते."

कानसेननं कपाळ चोळलं. टाचेवरून आणि दिव्यांवरून आपण हिला रोज किती चिडवत होतो, हे तो बहुधा आठवत होता.

"मग हात का लावलास?" ताईंनी विचारलं. राग अजून होता, पण त्याची जागा बदलली होती.

"रविवारी अख्खा सिनेमा पहिल्यांदा सलग पाहिला ना आपण. शेवटाला मला घरी बसल्यासारखं वाटलं आणि ती मुलगी चुकीचं बोलली. वाटलं, भुवया वर दिसल्या की तू एकदा तरी नीट बघशील. तू न बघता खाली आणल्यास."

"चिठ्ठी ठेवायची," भाऊजींना राहवलं नाही.

"माझं अक्षर सगळे ओळखतात."

ताई पडद्याकडे गेल्या. त्यांनी मूळ शॉट लावला, मग आजचा, मग पुन्हा मूळ.

"म्हणजे दोन वर्षं मी तिला काय बोलायला लावत होते?"

"तू वाट पाहत होतास. बस. एवढंच."

"काका असता तर त्याला काय वाटलं असतं?"

दिवेवालीनं विचार केला. "की तुला सगळं आधीच ठाऊक आहे. तुला त्याच्याकडून काही ऐकायचं नाहीये."

ताईंनी मूळ शॉट बंद केला. वळल्या तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज कामाचा होता. "किती वाजले?"

"तीन सव्वीस," भाऊजी म्हणाले.

"आजचाच ठेवायचा. लांब्या, तुझ्या मनासारखं काय करायचंय ते पंधरा मिनिटांत कर."

लांब्या आधीच खुर्ची ओढून बसला होता. "भुवया ठेवतो. पण एक आधी, एक नंतर. दोन्ही एकदम मला बघवत नाहीत."

"एकदमच जातात," दिवेवाली म्हणाली.

"असं कसं?"

"विचारून बघ काहीतरी. हातांनी."

लांब्यानं फोनच्या काळ्या काचेत स्वतःकडे बघितलं, हातांनी काहीतरी केलं, भुवया उचलल्या, पुन्हा उचलल्या. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"जातात एकदम," तो शेवटी म्हणाला. "बरं. भुवया तुझ्या. पापण्या माझ्या."

तीन वाजून बावन्न मिनिटांनी शॉट रेंडरला लागला. ताईंनी कीबोर्डखालची चिठ्ठी काढून फाडायला घेतली, मग तशीच परत ठेवली.

---

दुसऱ्या दिवशी चार वाजून एकतीस मिनिटांनी सिनेमा स्पर्धेच्या पानावर चढला. कानसेननं खालच्या डॉक्टरांना पेढे नाही तरी बिस्किटं नेऊन दिली आणि टाचेबद्दल माफी मागितली.

सहा वाजता दिवेवालीचे आईबाबा आले. ताईंनी स्वतः घरी जाऊन बोलावलं होतं. वहिनी आणि भाऊजीही होते. बाबांच्या बोटांना पॉलिशचा रंग होता. आईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या.

सिनेमा संपला. आईंनी खूण केली, पुन्हा लावा. पुन्हा लावला. दुसऱ्यांदा संपल्यावर त्या ताईंकडे वळल्या आणि हातांनी भराभर काहीतरी बोलू लागल्या.

"ती म्हणतेय—" दिवेवालीनं सवयीनं सुरुवात केली.

ताईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "थांब. तू आज बस. मला बघू दे."

आईंनी लेकीकडे पाहिलं, मग ताईंकडे. पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश.

"सायकल," ताई म्हणाल्या. "सायकल आणि… भाकरी?"

दिवेवालीनं ते बाबांना सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलून खो खो हसायला लागले. लांब्याही हसला, मग ताईसुद्धा. दिवेवाली हाताची घडी घालून मजेत बसून राहिली. इतका वेळ नुसतं बसून राहिलेली भाऊजींनी तिला पहिल्यांदाच पाहिली.

आईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. एकेक खूण सुटी करून, पडद्याकडे बोट दाखवून, ताईंच्या चेहऱ्यावरून नजर न काढता.

एकेक खूण पुटपुटणारे ताईंचे ओठ थांबले. "पुढे?" त्या हळूच म्हणाल्या. "पुढे काय झालं, असं विचारताय?"

दिवेवालीनं फक्त मान हलवली.

पुढे काही बनवलेलंच नव्हतं. ताईंनी खुर्ची ओढली, आईंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या आणि काकाची पुढची गोष्ट सांगायला दोन्ही हात वर घेतले.